एकोणतीसचा पाढा

पहिल्या भेटीत काकांनी माझ्या हाताचा वास घेतला होता.

मी रियाधला नुकताच नोकरीला लागलो होतो. आमच्या कंपनीच्या काँक्रीट तपासणाऱ्या लॅबचे प्रमुख आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर राहतात आणि ते मराठी आहेत, एवढ्या ओळखीवर मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार काकांनीच उघडलं. अंगात तपकिरी डाग पडलेला एप्रन, चष्मा कपाळावर. मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला, नाकाशी नेला, हुंगला आणि म्हणाले, "कांदा. बेसिन डावीकडे आहे."

मी हात धुऊन आलो तेव्हा काकू माझ्या बायकोला सांगत होत्या, "मनावर घेऊ नकोस हं. आमच्या लग्नात यांनी अंतरपाट दूर झाल्यावर माझ्या हातातल्या फुलांना हात लावला नव्हता. काय तर म्हणे, परागकण निगेटिव्हवर बसतात."

"बसतात," काका आतून ओरडले.

त्या घरात दोन बाथरूम होती आणि त्यांतल्या मोठ्या बाथरूममध्ये गेली कित्येक वर्षं कोणी आंघोळ केली नव्हती. तिथे काकांची डार्करूम होती. खिडकीला आधी जाड फॉइल, त्यावर काळं रेक्झिन, त्यावर पुन्हा पट्ट्या. टबवर आडवी फळी टाकून त्यावर तीन ट्रे ओळीने मांडलेले: डेव्हलपर, मग साधं पाणी, मग उमटलेला फोटो पक्का करणारा हायपो. वॉशिंग मशीनच्या जागी, निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणारा एन्लार्जर. आणि वर लाल दिवा, ज्याच्या उजेडात काकांचं टक्कल पिकलेल्या टोमॅटोसारखं दिसायचं.

रस्त्यावर कॅमेरा काढून उभं राहायची तिथे सोय नव्हती. त्यामुळे काकांनी आयुष्यभराची हौस दोनच गोष्टींवर भागवली होती. एक म्हणजे लॅबमध्ये दाबून फोडलेले काँक्रीटचे ठोकळे, आणि दुसरी म्हणजे घरी येणाऱ्या माणसांचे चेहरे. दिवाणखान्यात दोन्ही शेजारी शेजारी लावलेले असत. काकूंच्या फोटोच्या उजव्या हाताला एक तडा गेलेला ठोकळा होता आणि काका पाहुण्यांना दोन्ही सारख्याच अभिमानाने दाखवायचे. "सावली बघ," म्हणायचे. "काळी आहे, पण तिच्यात दिसतंय सगळं. काळं करणं सोपं असतं रे. काळ्यात दिसलं पाहिजे."

बंद खोली, आतून येणारा आंबूस वास, फ्रिजमध्ये तपकिरी बाटल्या आणि त्यांना कोणी हात लावू नये असा कडक हुकूम. सौदीत एवढ्यावर काय अर्थ निघतो ते सांगायला नको. आमच्या ऑफिसातल्या एकाने कित्येक महिने काकांच्या मागेपुढे केलं. शेवटी एका शुक्रवारी जेवण झाल्यावर त्याने खालच्या आवाजात विचारलं, "काका, घरचीच ना? घोटभर मिळेल का?"

काकांना बरंच उशिरा समजलं. समजल्यावर ते त्याला आत घेऊन गेले, दाराला कडी लावली आणि डेव्हलपर हवेत उघडा ठेवला की कसा मरतो, बाटली काठोकाठ का भरायची, यावर त्याचा पूर्ण तास घेतला. तो गृहस्थ बाहेर आला तो थेट चपला घालूनच गेला. काकू म्हणाल्या, "निदान पन्हं तरी द्यायचं होतं." काका म्हणाले, "चांगला मुलगा आहे. एकाग्रतेने ऐकत होता."

मी मात्र खरोखरच अडकलो. संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं हे एक, आणि पहिल्यांदा कोऱ्या कागदावर, पाण्याखाली, बायकोचा चेहरा हळूहळू उमटताना पाहिला हे दुसरं. आठवड्यातून दोन-तीनदा मी वर जाऊ लागलो आणि शिव्या खाऊ लागलो.

काकांच्या मते नवशिक्याचा पहिला शत्रू म्हणजे त्याचं स्वतःचं घाबरणं. लाल दिव्याखाली फोटो असतो त्याहून गडद दिसतो. डेव्हलपरमध्ये चेहरा उमटायला लागला की काळा पडतोय, काळा पडतोय असं वाटतं आणि माणूस चिमट्याने तो झटकन बाहेर ओढतो. मग पांढऱ्या दिव्यात बघावं तर राखेत लोळल्यासारखा, डागाळलेला, जीव नसलेला फोटो. मी हे इतक्या वेळा केलं की काकांनी चिमटा माझ्या हातातून काढूनच घेतला.

"कागदाला त्याचा वेळ दे," ते म्हणायचे. "तो तुझ्या बापाचा नोकर आहे का?"

तो वेळ मोजायला ते घड्याळ वापरत नसत. एकोणतीसचा पाढा म्हणत. मोठ्याने, ठाय लयीत, ट्रेचा एक कोपरा उचलत आणि खाली ठेवत. एकोणतीस एके एकोणतीस, कोपरा वर. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, कोपरा खाली. पाढा संपेपर्यंत फोटोला हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं, एकोणतीसचाच का? तर म्हणाले, "तीसचा म्हणताना माणूस पळत सुटतो. एकोणतीसला जरा अडखळतो. ते अडखळणं मी धरलेलं आहे."

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला चहाइतकं गरम यायचं, तेव्हा ट्रेखाली बर्फ. हिवाळ्यात तेच पाणी गारठलेलं, डेव्हलपर आळसावणार, तेव्हा खाली गरम पाण्याची परात. हायपोचा हात डेव्हलपरला लागता कामा नये. ओल्या फोटोवर मत द्यायचं नाही, कारण ओला फोटो उजळ दिसतो आणि वाळला की एक पायरी खाली उतरतो. आणि सगळ्यात वरचा कायदा, टेस्ट घेतल्याशिवाय छापायचं नाही. पोस्टकार्डाएवढ्या एका कागदाच्या चार पट्ट्या कापायच्या, पट्टीवर कमी-जास्त उजेड देऊन बघायचं आणि मगच अख्ख्या कागदाला हात घालायचा. "अंदाज," काका म्हणायचे, "हा आळशी माणसाचा शब्द आहे." लॅबमध्येही ते हेच म्हणत, त्यामुळे ठेकेदार त्यांना टरकून असत.

आणि दार. आत कागद उघडा असताना दार उघडायचं नाही, मग बाहेर कोणीही असो; पांढरा उजेड लागला की कागद गेला. काकू चहाचा कप घेऊन बाहेर उभ्या राहत आणि एकोणतीस दाही ऐकू आलं की कडी वाजवत. एकदा घरमालक स्वतः गळका पाइप बघायला आला होता. दिवाणखान्यात बसून त्याने सबंध पाढा दोनदा ऐकला. काकूंना त्याने विचारलं, ही नमाजाची वेळ आहे का? काकूंनी जे खरं ते सांगितलं, हो म्हणून.

मग इराकने कुवेत घेतलं. काकू त्याच महिन्यात नाशिकला गेल्या. माझी बायको जाऊ शकली नाही, कारण ती गरोदर होती आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं होतं. आमची मुलगी रियाधलाच झाली. जन्मदाखला, त्याचं भाषांतर, त्यावरचे शिक्के, "बुकरा ये", म्हणजे उद्या ये, आणि पुन्हा "बुकरा ये" यांत दिवस गेले आणि तिचा पासपोर्ट व्हायच्या आतच लढाई सुरू झाली.

खिडक्यांना प्लास्टिक आणि टेप लावायचं फर्मान निघालं, विषारी वायूच्या भीतीने. सबंध बिल्डिंग टेप लावत होती, आणि या कामात काकांएवढा अनुभवी माणूस अख्ख्या शहरात कोणी नसेल. ते घरोघर गेले. भर दुपारी प्रत्येकाच्या बंद केलेल्या खोलीत शिरायचे, दिवा घालवायचे आणि सगळ्यांना अंधारात गप्प उभं करायचे.

"आता काय?" लोक विचारायचे.

"डोळे अजून तयार झालेले नाहीत. थांबा."

थोड्या वेळाने डोळे सरावले की, ज्या खोलीत काही दिसत नव्हतं तिथे खिडकीच्या कडेला, एसीच्या फटीत, दाराखाली उजेडाचे बारीक टाके दिसू लागत. काका त्यांवर बोट ठेवून टेप मारत. "जिथून उजेड येतो तिथून बाकीचंही येणार." एका केरळी नर्सबाईने त्यांना त्यासाठी केळ्याचे वेफर्स आणून दिले. काकांनी आधी हात धुतले आणि मग ते खाल्ले.

आमचं असं ठरलं होतं की भोंगा वाजला की आम्ही तिघांनी वर काकांच्या डार्करूममध्ये यायचं. तिथे एकही टाका नव्हता.

रियाधचा विमानतळ प्रवाशांना बंद झाला. कंपनीने कुटुंबांसाठी जेद्दापर्यंत बस आणि तिथून मुंबईची विमानं ठरवली. बायकोचं नाव यादीत लागलं. मुलीचं लागेना. पासपोर्ट नाही तर देशाबाहेर पडायचा व्हिसा नाही, व्हिसा नाही तर बस नाही. वकिलातीत अर्ज घेणारे लोक तसे भले होते. म्हणाले, चार फोटो आणा, बाकी आम्ही बघतो. पण फोटो काढायचा कुठे? बथ्थ्याच्या बाजारातले स्टुडिओ बंद होते. आमच्या ओळखीचा फोटोवाला कुलूप लावून केव्हाच गावी गेला होता. बसला थोडेच दिवस उरले होते. बायको म्हणाली, मी हिला सोडून जाणार नाही. मी म्हणालो, कोण सोडायला सांगतंय? रोज भोंगे वाजत होते आणि तान्ह्या बाळाच्या तोंडाला बसेल असा मास्क कोणाकडेच नव्हता.

काका कॅमेरा घेऊन खाली आले. पांढऱ्या चादरीवर मुलीला निजवलं. मी तिला हसवायला चुटक्या वाजवू लागलो तर माझ्यावर खेकसले, "पासपोर्ट आहे, बारसं नाही. गंभीर राहू दे तिला." ती कसली गंभीर राहतेय. कधी झोपायची, कधी भोकाड पसरायची. काका गुडघ्यांवर बसून राहिले, कॅमेरा डोळ्याला लावून, न हलता. माझ्या बायकोने दोनदा चहा आणला आणि दोनदा तो निवून परत गेला. शेवटी एकदा मुलीने डोळे उघडून त्यांच्याकडे सरळ बघितलं, आणि कॅमेऱ्याचा आवाज आला. "झालं," काका म्हणाले. उठताना मी त्यांना हात दिला.

त्याच संध्याकाळी आम्ही छापायला बसलो. काकांकडे कागदाचं एकच खोकं उरलं होतं, ते त्यांनी फोडलं. एक कागद काढून चार पट्ट्या कापल्या, काळ्या पाकिटात घालून पाकीट बंद केलं आणि खणात ठेवलं. खोकं बंद करायला हात पुढे केला आणि भोंगा सुरू झाला.

मला खाली धावायचं होतं. पण खोकं उघडं होतं. मी तसाच घुटमळलो, आणि इतक्यात दारावर थापा पडायला लागल्या. बायको बाळाला घेऊन जिना चढून आली होती. "काका! काका, उघडा!"

खोक्यावर झाकण घालायला कितीसा वेळ लागतो? पण काका झाकणाकडे गेले नाहीत. माझ्या आधी ते दारापाशी होते. कडी काढली आणि दार सताड उघडलं. पॅसेजमधली ट्यूबलाइट सरळ आत आली, टबवर, ट्रेवर, त्या उघड्या खोक्यावर.

"या सूनबाई, या. इथे बसा. पिंपावर बसा, कोरडं आहे."

दार बंद झालं. काकांनी फटीला ओला टॉवेल लावला, टेप मारली. दूर कुठेतरी धाड धाड झालं आणि खिडकीचं रेक्झिन थरथरलं. मुलगी दचकली, पण रडली नाही. लाल उजेडात आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो होतो. मग बायकोचं लक्ष खोक्याकडे गेलं. माझ्याकडून ऐकून ऐकून तिलाही एवढं कळायला लागलं होतं.

"काका, तुमचा कागद..."

"कागद काय, कागद मिळतो."

मिळत नव्हता. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. बायको डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "हिचा फोटो?"

काकांनी एप्रनला हात पुसले आणि खण उघडला. काळं पाकीट बाहेर काढलं. चार पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर पासपोर्टचा एक फोटो कसाबसा बसेल एवढी जागा. चार फोटो हवे होते आणि चारच पट्ट्या होत्या. टेस्टला एकही उरत नव्हती.

ते बराच वेळ एन्लार्जरकडे बघत उभे राहिले. मग निगेटिव्ह सरकवलं, फोकस केला, पट्टी लावली, दिवा दिला आणि बंद केला. मला वाटलं, एवढा जाणता माणूस, त्याला टेस्टची गरजच काय! मी अगदी निश्चिंत होतो. पट्टी डेव्हलपरमध्ये गेली आणि काका पाढा म्हणू लागले, बाळ दचकू नये म्हणून अगदी हलक्या आवाजात, अंगाईच्या लयीत.

आधी डोळे आले. मग नाकपुड्या, मग वळलेली मूठ. बायको पुढे वाकून बघत होती. तिने हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मग कपाळ गडद व्हायला लागलं, गाल गडद व्हायला लागले, सगळा चेहराच काळवंडत चालला, आणि माझा धीर सुटला. मी चिमट्याला हात घातला. काकांनी माझं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती, आणि तोंडाने पाढा चालूच होता. एकोणतीस साती दोनशे तीन. एकोणतीस आठी दोनशे बत्तीस. त्यांनी मला सोडलं ते दोनशे नव्वदलाच.

चारही पट्ट्या तशाच केल्या. सगळं शांत झाल्याचा भोंगा वाजला तेव्हा चौथी हायपोत होती. पांढरा दिवा लावला आणि पाण्यात चार सारख्या मुली आमच्याकडे सरळ बघत होत्या. मी काहीतरी बोलणार, तर काकांनी बोट वर केलं. ओल्यावर मत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कात्रीने फोटो कापून दिले. ते मी अर्जाला लावले, पासपोर्ट झाला, व्हिसा झाला आणि एका पहाटे बायको आणि मुलगी बसमध्ये बसून जेद्दाला गेल्या. मला थांबावं लागलं. बस निघताना काका खाली आले नाहीत. मला त्याचं थोडं वाईटही वाटलं. पुढचे दिवस ते लॅबमध्ये माझ्याशी धड बोललेही नाहीत. कागद गेल्याचं दुःख असेल, असं मी धरून चाललो.

बायकोचा फोन ऑफिसात आला. मुंबईहून. जेद्दाच्या शराफिया भागात एक रात्र एका मराठी कुटुंबाकडे काढली, मग विमानतळ, मग पासपोर्टची रांग. तिथल्या अधिकाऱ्याने मुलीचा पासपोर्ट उघडला आणि फोटोकडे बघतच राहिला, म्हणाली. मग दुपटं बाजूला करायला लावलं. पुन्हा फोटो बघितला, पुन्हा मुलगी बघितली. "मी दुपटं पुन्हा गुंडाळायला लागले," ती म्हणाली. "मग हसला. माशाल्ला म्हणाला आणि शिक्का मारला." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण टेलिफोनवर मुलगी रडत होती आणि ऑफिसात मी.

तडक काकांकडे गेलो. ते डार्करूममध्ये होते. पांढरा दिवा लावून ट्रे रिकामे करत होते. कागदच नव्हता, तर पाणी कशाला भरून ठेवायचं? मी दारातूनच ओरडलो, "काका, पोचल्या! दोघी पोचल्या!"

त्यांनी ट्रे खाली ठेवला. "फोटोला कोणी काही म्हणालं?"

मी अधिकाऱ्याची हकीकत सांगितली. बराच वेळ बघत होता म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला, आणि शिक्का मारला म्हटल्यावर ते टबाच्या काठावर मटकन बसले. चष्मा काढला. हा माणूस रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"गडद आला होता रे," ते म्हणाले. "वाळल्यावर बघितला मी. नको तितका गडद आला होता. मी तुला बोललो नाही. दुसरा कागद नव्हता, बोलून काय करणार होतो? ती बस गेली तेव्हापासून मला जेवण गेलेलं नाही. तिला परत पाठवलं असतं म्हणजे? माझ्या फोटोपायी?" मग नाक ओढून म्हणाले, "अंदाजाने केलं मी. निव्वळ अंदाजाने."

या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला तेव्हाही समजलं नाही आणि आज, त्याच मुलीच्या लग्नानंतरही, समजत नाही. तिच्या रद्द झालेल्या पहिल्या पासपोर्टात ती गडदच दिसते, हे खरं आहे. पण दिसते. डोळे, मूठ, कपाळावरची एक बट, सगळं दिसतं.

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी घाईघाईने पाय मागे घेतले.

"अरे थांब, थांब, खाली हायपो सांडलाय. हाताला लागेल."

मी तरीही वाकलोच.